बीव्हरची टोपी आणि बेडकाची तंगडी



कोल्हापूर पद्धतीचा बंधारा कसा असतो हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की बरगे घालायचे आणि पुढचा पाऊस लागायच्या आत काढायचे. बरगे वेळेवर पडले नाहीत तर नदीकाठच्या मोटारी उघड्या पडतात आणि फेब्रुवारीतच ऊस माना टाकतो. उत्तर अमेरिकेत हेच काम एक जनावर करते. त्याचे नाव बीव्हर. उंदीर-खारीच्या कुळातले, पण वजनाला वीस-पंचवीस किलो. पुढचे दात पटाशीसारखे, शेपटी गवंड्याच्या थापीसारखी चपटी. दातांनी झाड कुरतडून पाडायचे, फांद्या ओढ्यात आडव्या लावायच्या, मधे दगड आणि चिखल भरायचा, असे करून तो बांध घालतो. फुटला की रातोरात दुरुस्त करतो. ठेकेदार नाही, निविदा नाही, बिल नाही.

आपल्याकडे बीव्हर नाही. नदीत दिसते ते पाणमांजर, त्याचा याच्याशी संबंध नाही. मग आपल्या पानात बीव्हर कशाला, असे आपण म्हणाल. त्याच्या बाबतीत जे घडले त्याच जातीचे काहीतरी आपल्या भातखाचरात घडले आहे, आणि ते अनेकांच्या देखत घडले. म्हणून आधी तिकडची हकीगत.

बीव्हरच्या अंगावर दोन थरांचे केस असतात. वरचे राठ, आतली लव मऊ आणि दाट. आपल्याकडे लोकर कुटून जेन करतात, तशी ही लव कुटून, दाबून युरोपात टोप्या करत. पावसात भिजली तरी ती टोपी आकार सोडीत नसे. साहेबी डोक्यावर अशी टोपी असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले आणि युरोपातले बीव्हर त्यापायी संपत आले. मग नजर वळली अमेरिकेकडे. १६७० साली इंग्लंडच्या राजाने हडसन्स बे नावाच्या कंपनीला सनद दिली आणि आजच्या कॅनडातला अफाट मुलूख व्यापारासाठी तिच्या हवाली केला. तिथल्या मूळ रहिवाशांनी कातडी आणायची आणि कंपनीच्या ठाण्यावर घोंगडी, किटल्या, सुऱ्या, बंदुका घ्यायच्या. चलन म्हणजे बीव्हरचे कातडे. अमुक वस्तूला अमुक कातडी, असा दरफलकच असे.

पुढे अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात गोरे फासेपारधी शिरले. लोखंडी सापळा पाण्याखाली लावायचा, वर काठीला बीव्हरच्याच ग्रंथीतले वासाचे द्रव्य लावायचे. वासाला जनावर आले की पाय अडकून बुडून मरे. हे काम बर्फासारख्या पाण्यात कमरेएवढे उभे राहून करायचे. १८२५ ते १८४० या काळात दर उन्हाळ्यात डोंगरात मोठा बाजार भरे. व्यापारी खेचरांवर माल घेऊन येत आणि साखर, कॉफी, तंबाखू, मद्य मूळ भावाच्या कित्येक पट दराने विकत. वर्षभर थंडीत कुडकुडलेला पारधी आठ दिवसांत रिकामा होई आणि पुढच्या हंगामासाठी उधारी करून परत डोंगरात जाई. उचल घेऊन कामाला लागणे म्हणजे काय हे आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. टोपी लंडनमध्ये, नफा कंपनीत, आणि पाण्यात उभा राहिलेल्याच्या वाट्याला संधिवात.

त्यातली एक गोष्ट ऐकून मी थक्क झालो. १८२०च्या दशकात स्नेक नदीच्या खोऱ्यावर इंग्रज आणि अमेरिकन दोघांचाही डोळा होता. तेव्हा हडसन्स बे कंपनीने ठरवले की त्या खोऱ्यात एकही बीव्हर शिल्लक ठेवायचा नाही. जनावरच नसले तर अमेरिकन पारधी पुढे येणार नाहीत. पीटर स्कीन ऑग्डेन नावाच्या अधिकाऱ्याच्या टोळ्या वर्षानुवर्षे तिथे पाठवून खोरे साफ करण्यात आले. शेजाऱ्याला मिळू नये म्हणून विहीर बुजवणारे भाऊबंद आपल्याकडेही पाहायला मिळतात, पण नदीचे खोरेच्या खोरे ओसाड करायचे हा हिशेब कंपनीच करू जाणे.

मग १८३०-४०च्या सुमारास फॅशन बदलली. रेशमी टोप्या आल्या. बीव्हरचा भाव पडला आणि राहिलेले थोडे वाचले. गोरे येण्याआधी त्या खंडात किती बीव्हर होते याचे अंदाज सहा कोटींपासून चाळीस कोटींपर्यंत आहेत. एकोणिसावे शतक संपताना ते लाखाच्या आसपास उरले होते असे मानतात.

आता आपल्या कामाची गोष्ट. बीव्हर गेले, बांधांना दुरुस्ती राहिली नाही, ते फुटले. अडलेले पाणी सुटल्यावर ओढा जोरात वाहू लागला आणि त्याने आपलेच पात्र खरवडून खोल केले. ओढा खाली गेला तशी काठच्या जमिनीतली पाण्याची पातळी खाली गेली. ओली गवताळ राने कोरडी पडली. टोपीच्या किमतीत हे नुकसान कुणी धरले नव्हते. धरणार तरी कोण? कातड्याला भाव होता, पाणी अडवण्याच्या कामाला नव्हता.

शहाणपण आले ते शंभर वर्षांनी. १९४८ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने ७६ बीव्हर लाकडी पेट्यांत घालून विमानातून पॅराशूटने दुर्गम डोंगरात सोडले. एक दगावला, बाकीचे उतरले आणि कामाला लागले. (घरातल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.) आज तिकडचे शासकीय अधिकारी ओढ्यात खुंट ठोकून, फांद्या विणून बीव्हरच्या बांधासारखे बांध माणसांकडून घालून घेतात. आम्ही विस्तारवाले दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घालतो, तेच हे काम. आणि ती सनद मिळालेली कंपनी? पुढे ती दुकाने चालवू लागली होती. २०२५ साली कर्जात बुडून तिची सारी दुकाने बंद झाली. कॅनडाच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३७पासून बीव्हर आहे, तो मात्र अजून आहे.

आता आपल्या खाचरात या.

मृगाचा पाऊस जोरात लागला की राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा, आजरा, चंदगड या भागात रात्री एक मोठा बेडूक ओरडू लागतो. नर त्या दिवसांत लिंबासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून हाका मारतो. उन्हाळाभर हा जमिनीत पुरून घेऊन बसलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसाला वर येतो, साठलेल्या पाण्यात जमतो, मादी अंडी घालते, आणि मग चार महिने खाणे. किडे, भुंगेरे, खेकडे, उंदराची पिल्ले, लहान साप, आणि आपल्याच जातीचे लहान बेडूकसुद्धा. तोंडात मावेल आणि हलत असेल ते सारे याचे अन्न.

या बेडकाच्या मागच्या तंगड्यांना परदेशात मागणी होती. फ्रान्स, अमेरिका आणि इतर देशांत त्या मेजवानीत खातात. १९५०च्या दशकापासून आपल्या देशातून त्यांची निर्यात वाढत गेली. १९८१ साली ती ४,३६८ टनांवर पोचली. टन तंगड्यांचे, बेडकांचे नव्हेत. एका बेडकाच्या दोन तंगड्या पन्नास ग्रॅमच्या धरल्या, तर हिशेब आठ कोटी सत्तर लाख बेडकांच्या वर जातो. एका वर्षाचा. तोही निर्यातीच्या कागदावर चढलेल्या मालाचा. वाटेत मेलेले, लहान म्हणून टाकलेले, कुजलेले यात नाहीत.

पकडण्याची तऱ्हा अशी. पावसाळ्याची रात्र, हातात गॅसबत्ती किंवा विजेरी. तोंडावर उजेड पडला की बेडूक बावचळून जागीच बसतो. उचलायचा आणि पोत्यात टाकायचा. पकडणारे भूमिहीन मजूर, आदिवासी, पावसाळ्यात हाताला काम नसलेले. त्यांच्याकडून गावचा दलाल घेई, त्याच्याकडून बंदराजवळचा कारखानदार. तंगड्या जिवंतपणीच तोडत, उरलेले धड टाकून देत. सोललेल्या तंगड्या धुऊन, गोठवून जहाजावर चढत. मोठा दर जहाजाच्या त्या टोकाला, पोते वाहणाऱ्याला डझनाचे किंवा किलोचे थोडके पैसे. डोंगरातल्या बीव्हरच्या बाजाराचेच हे पावसाळी रूप.

आणि यातली खरी मेख हंगामात आहे. बेडूक सापडतो कधी? तर पहिल्या पावसात, अंडी घालायला जमतो तेव्हा. म्हणजे बियाणे पेरायला काढले आणि पेरणीच्या दिवशीच दळायला नेले, असा प्रकार.

याविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला त्यांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली हे प्रमुख होते. पक्ष्यांचे मोठे अभ्यासक, पण बेडकांच्या निर्यातीवर त्यांनी नेटाने लिहिले. त्या वेळच्या वादातला मुद्दा सरळ होता. बेडूक विकून परकीय चलन मिळवायचे, आणि बेडूक जे किडे खात होते ते मारायला औषधे आणण्यात चलन घालवायचे, हा कुठला व्यापार? १९८५ साली वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत हा बेडूक आला आणि १९८७ साली भारत सरकारने तंगड्यांची निर्यात बंद केली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बेडूक गेले म्हणूनच कीटकनाशके वाढली असे काहीजण छातीठोकपणे म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. औषधे वाढली याला संकरित आणि अधिक उत्पादन देणारी वाणे, वाढलेली खते, वर्षभर पाण्याखाली राहिलेली जमीन अशी कारणे होती. शिवाय बेडूक काही कृषी पदवीधर नव्हे. तो शत्रूकीड आणि मित्रकीड असा भेद करत नाही, कोळीही खातो. त्याच्या भरवशावर तुडतुड्याचा किंवा खोडकिडीचा बंदोबस्त सोडून देऊ नका. पण दोन बाबतींत त्याचे काम आपल्याला डोळ्यांनी दिसते. एक, खेकडा. भाताच्या बांधाला भोके पाडून पाणी पळवणारा खेकडा हा मोठा बेडूक गिळतो. दुसरी, हुमणी. उसातली हुमणी आपल्या जिल्ह्याला काय छळते हे शिरोळ-हातकणंगलेपासून कागलपर्यंत कुणालाही विचारा. वळवाचे पाऊस झाले की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून बाभळी-लिंबावर जमतात. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये झाड हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाका असे आम्ही सांगतो, ते याचसाठी. त्या हंगामात प्रकाश सापळ्याखाली किंवा अंगणातल्या दिव्याखाली रात्री नऊला जाऊन बघा. आपल्या आधी बेडूक येऊन बसलेले असतात. एक मादी भुंगेरा अंडी घालण्याआधी कमी झाला तर किती अळ्या कमी होतात, याचा हिशेब शेतकऱ्याला कागदावर मांडून द्यावा लागत नाही.

कातड्याचा म्हणाल तर तोही धंदा आपल्या देशात झाला, आणि त्यात धामण फार मेली. पट्टे, पर्स, बूट यांसाठी सापांची कातडी परदेशी जात. उसाच्या फडात उंदरामागे बिळात शिरणारी धामण म्हणजे शेताची राखणदार. तिच्यात विषही नाही. १९७६ साली सापांच्या कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली. तामिळनाडूतले इरुला लोक त्यापूर्वी साप पकडून कातड्यावर पोट भरत, त्यांची चूल थंडावली. नुसती बंदी घालून पोट भरत नाही, हे तिथे काहींच्या वेळीच ध्यानात आले. १९७८ साली इरुलांची सहकारी संस्था उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे विषारी साप पकडायचे, त्यांचे विष काढायचे आणि साप परत रानात सोडायचे. सर्पदंशावरच्या लसीला ते विष लागते. कला तीच, साप तेच, पण मेलेल्या कातड्याऐवजी जिवंत सापाचे मोल मिळू लागले. सहकाराचे पाणी प्यालेल्या आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट आवडावी. बेडूक पकडणाऱ्यांच्या वाट्याला मात्र असे काही आले नाही.

भारताने दार लावले म्हणून जगाची भूक थांबली का? नाही. काही काळ बांगलादेशातून माल जाऊ लागला, मग त्यांनीही बंदी घातली. नंतर इंडोनेशिया पुढे आला. आजही युरोपीय देश वर्षाला सुमारे ४,००० टन तंगड्या घेतात, त्यातल्या बहुतेक इंडोनेशियातून. एक खोरे संपले की पुढचे खोरे, ही बीव्हरवाल्यांचीच चाल.

काही वाचक विचारतील की मग बेडकांची शेती का करू नये, कोंबड्यांसारखी? अडचण अशी की या बेडकाला हलते, जिवंत भक्ष्य लागते. पेंड किंवा भरडा समोर ठेवला तर तो बघणारही नाही. आणि भूक लागली की मोठा लहानाला खातो. शंभर ठेवावेत तर पंधरवड्याने साठ दिसावेत. त्याहून मोठी अडचण कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे बेडूक पकडणे, मारणे, विकणे हा गुन्हा आहे, त्याला तुरुंग आणि दंड दोन्ही आहेत. गोव्यात पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’ या टोपणनावाने हे मांस खाल्ले जाते आणि तिथले वनखाते दर पावसाळ्यात पाळत ठेवते. चंदगड-आजऱ्याच्या तरुण पोरांना कुणी पाहुणा येऊन “एक पोते भरून द्या, रोख देतो” म्हणाला, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी त्या पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावावे. रोख तो घेऊन जाईल, आणि कोर्टाच्या फेऱ्या पोराच्या नशिबी येतील.

निर्यात थांबून आता चाळीस वर्षे होत आली. आज बेडकाला पोत्यापेक्षा आपल्याच रानातल्या कामांचा धोका जास्त आहे, आणि ते आपल्या हातात आहे. पूर्वी भातात आणि उसात थिमेट दाणेदार टाकायची सर्रास चाल होती. ते म्हणजे फोरेट, मासे, बेडूक, पाखरे सर्वांना घातक. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्यावर देशात बंदी आहे. कुणाच्या कोठीत जुना डबा पडला असेल तर तो वापरू नका, ओढ्यात ओतू तर मुळीच नका, कृषी सहायकाला दाखवा. चिखलणीनंतरचा पहिला महिना-दीड महिना हा बेडकाच्या पिल्लांचा पाण्यातला काळ. या दिवसांत फवारणी करायचीच झाली तर आधी किडीचे प्रमाण बघा, आणि नुसते शेजाऱ्याने मारले म्हणून मारू नका. फवारणीचा पंप खाचराच्या पाण्यात किंवा पाटात धुऊ नका. खाचराच्या सखल कोपऱ्यात हातभर रुंद चर काढून ठेवला तर पाणी सोडून दिल्यावरही पिल्ले त्यात टिकतात. याला खर्च काही नाही, अर्ध्या दिवसाची कुदळ आहे.

उसाचे पाचट जाळू नका, हे आम्ही सेंद्रिय कर्बासाठी सांगतो. पण त्या आगीत पाचटाखाली दडलेले बेडूक आणि धामणीही जातात, ही त्याची दुसरी बाजू. आणि शेवटची गोष्ट विहिरीची. कठडा नसलेल्या किंवा काठाबरोबर असलेल्या विहिरीत पावसाळ्यात बेडूक पडतात. आत सिमेंटची गुळगुळीत कडी असली की वर चढता येत नाही आणि पोहून पोहून मरतात. पाणी नासते ते वेगळेच. तिथे एक जाड काथ्याचा दोर किंवा खरबरीत फळी पाण्यापासून काठापर्यंत तिरकी लावून ठेवावी. मृग लागायच्या आधीच हे काम उरकून घ्यावे, कारण नंतर रोप लागणीच्या घाईत कुणाला सवड होत नाही.